स्कोप झिरो करताना गोळ्या का पळतात

प्रश्न थोडक्यात असा: रायफलवर नवा स्कोप (नेम धरण्याची दुर्बीण) बसवला. १०० मीटरवर सुरुवातीच्या गोळ्या कागदावर लागल्याच नाहीत. लागू लागल्यावर प्रत्येक गोळी बघून क्लिक दिले (स्कोपचा नॉब एकेक टप्पा फिरवला), तरी काडतुसांची पेटी संपली आणि झिरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी यांची जुळणी, काही बसला नाही. स्कोप खराब आहे का?

स्कोप खराब असू शकतो, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. घोटाळा बहुधा 'प्रत्येक गोळी बघून क्लिक दिले' इथेच असतो. कोणतीही रायफल एकाच भोकातून दुसरी गोळी काढत नाही. समजा रायफल, काडतूस आणि नेमबाज मिळून १०० मीटरवर आडवा-उभा प्रत्येकी १ सेंटीमीटर प्रमाण विचलनाचा पसारा देतात. स्कोप अगदी बरोबर असला तरी एखादी गोळी सहज दीड सेंटीमीटर उजवीकडे जाणार. ती बघून तुम्ही दीड सेंटीमीटर डावीकडे क्लिक दिले, तर बरोबर असलेला स्कोप तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवलात. असे प्रत्येक गोळीमागे करत राहिलात, तर पसारा कमी होण्याऐवजी साधारण १.४ पट वाढतो, कारण आता प्रत्येक गोळीत तिची स्वतःची चूक असते आणि मागच्या गोळीची चूकही उलटी होऊन मिसळलेली असते.

त्यामुळे टरेटला, म्हणजे क्लिक देण्याच्या नॉबला, हात लावायचा तो ग्रुपच्या, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या झुबक्याच्या, मध्यावरून, एका भोकावरून कधीच नाही. आणि ग्रुप विश्वासाचा हवा असेल तर त्याआधी स्कोप पक्का बसलेला हवा, डोळा जागेवर हवा आणि रायफल नीट टेकवलेली हवी.

बसवणी

बेसचे, म्हणजे रायफलवर बसणाऱ्या स्कोपच्या पायाचे, स्क्रू आणि त्यांची भोके आधी स्पिरिटने पुसून तेल काढून टाका. तेलकट स्क्रू घट्ट वाटतो आणि रिकॉइलने (गोळी सुटताना मागे बसणाऱ्या धक्क्याने) सैल होतो. बेसच्या स्क्रूंना निळे थ्रेडलॉक चालते. रिंगच्या, म्हणजे स्कोप धरणाऱ्या कड्यांच्या, स्क्रूंना बहुतेक ठिकाणी लागत नाही, शिवाय ते लावल्याने तेवढ्याच टॉर्कला पकड जास्त बसते आणि स्कोपची नळी दाबली जाण्याचा धोका वाढतो. टॉर्क रेंच वापराच. आकडे बनवणाऱ्याच्या पत्रकात असतात आणि तेच शेवटचे समजायचे. तरी अंदाज म्हणून सांगायचे तर रिंगच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर असतात. रेलला (रायफलवरच्या खाचांच्या पट्टीला) आडवे पकडणाऱ्या जाड नटला पुष्कळदा ६५ इंच-पाउंड, म्हणजे सव्वासात न्यूटन-मीटरच्या आसपास लागतात. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी गेले की स्कोपची नळी चेपते.

रेलवर माउंट (रिंगा आणि त्यांची खालची पकड) ठेवल्यावर नट कसण्याआधी ते पुढे, रायफलच्या नळीच्या तोंडाकडे ढकलून धरा. गोळी सुटताना रायफल मागे येते आणि स्कोप जडत्वाने जागीच राहू पाहतो, म्हणजे रेलच्या तुलनेत पुढे सरकू पाहतो. माउंटची आडवी पट्टी खाचेच्या पुढच्या भिंतीला आधीच टेकलेली असेल, तर त्याला सरकायला जागाच उरत नाही. ही एवढीशी गोष्ट राहून गेली की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या झिरो हळूहळू खिसकत राहतो आणि दोष स्कोपच्या माथी मारला जातो.

रिंगच्या वरच्या टोप्या बसवताना दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा आणि स्क्रू फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे कसा. एक बाजू आधी पूर्ण कसली तर स्कोप हळूच फिरतो आणि सरळ लावलेली उभी रेषा तिरकी होते. काम झाले की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर जाणारी रंगाची बारीक रेघ ओढून ठेवा. पुढे कधी झिरो हलला तर पहिली तपासणी नजरेने, दोन सेकंदांत होते.

रायफलच्या ॲक्शनचे, म्हणजे नळी-बोल्टचा भाग दस्त्याला जोडणारे, स्क्रूही याच वेळी तपासा. स्कोपवर तासभर मेहनत घेतली आणि खालून रायफलच दस्त्यात हलते आहे, हे वारंवार दिसते.

रेटिकल, म्हणजे स्कोपमध्ये दिसणारी नेमाची फुली (क्रॉसहेअर), सरळ असण्याचा मुद्दा १०० मीटरच्या झिरोत फारसा जाणवत नाही. लांब पल्ल्यावर जाणवतो. ३ मिल (कोनाचे माप; १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटर) उंची घेतली आणि रेटिकल १ अंश तिरके असेल, तर ५०० मीटरवर गोळी अडीच सेंटीमीटरहून थोडी जास्त बाजूला जाते. लांबवर ओळंबा टांगा, रायफल लेव्हलमध्ये धरा आणि उभी रेषा त्या दोरीला जुळवा.

डोळा

स्कोप पुढे-मागे कुठे बसवायचा हे टेबलावर ठरवू नका. ज्या बैठकीत गोळी मारणार त्याच बैठकीत बसा, डोळे मिटून गाल दस्त्यावर ठेवा, मग डोळे उघडा. सर्वांत जास्त मोठेपणावर कडेने काळी कडी न येता पूर्ण गोल चित्र दिसले पाहिजे. बहुतेक रायफल स्कोपमध्ये डोळा काचेपासून ८ ते १० सेंटीमीटरवर येतो. जोरदार रिकॉइलच्या रायफलवर हे अंतर कमी ठेवलेत तर भुवई फुटते.

मग दोन वेगळे फोकस, ज्यांची लोक सर्रास गल्लत करतात. डोळ्याजवळची कडी फक्त रेटिकल स्पष्ट करण्यासाठी असते. ती लावताना टार्गेट बघू नका. मोकळ्या आकाशाकडे किंवा कोऱ्या भिंतीकडे बघा, सूर्याच्या दिशेने तर अजिबात नको. एका वेळी दोन-तीन सेकंदच नजर टाका, कारण त्याहून जास्त पाहिले की डोळा स्वतः जुळवून घेतो आणि धूसर रेषाही स्पष्ट वाटू लागते. ही कडी एकदा लावली की तिला पुन्हा हात लावायची गरज पडत नाही.

बाजूचा किंवा पुढच्या काचेभोवतीचा नॉब पॅरॅलॅक्सचा. त्यावर छापलेले अंतर फक्त सुरुवातीपुरते माना. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवा, तिला हात न लावता डोके किंचित वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर टार्गेटवर सरकताना दिसला तर पॅरॅलॅक्स शिल्लक आहे. सरकणे थांबेपर्यंत नॉब फिरवा. ज्या स्कोपला हा नॉबच नाही तो कारखान्यात एका अंतराला बांधलेला असतो, मोठ्या रायफलींसाठी बहुधा १०० यार्ड आणि .२२ साठी ५० यार्ड. असा स्कोप दुसऱ्या अंतरावर वापरताना डोळा दर वेळी चित्राच्या नेमक्या मध्यावर ठेवणे हाच उपाय. गालाची जागा बदलली की गोळी बदलते, आणि मग माणूस क्लिक देत बसतो.

पहिली गोळी कागदावर आणणे

थेट १०० मीटरवर सुरुवात करू नका. २५ मीटरवर मोठा कागद लावा, शक्य तर १ सेंटीमीटरच्या चौकटींचा. टार्गेटच्या मध्ये काळा भरीव गोल नको. त्यात काळी फुली हरवते. पोकळ चौकोन किंवा चौकटचा आकार असला की रेषा त्याच्या टोकांना जुळवता येतात.

दोन्ही टरेट त्यांच्या प्रवासाच्या मध्यावर आणा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अलगद मोजत फिरवा आणि निम्मे परत या. टोकाला पोहोचल्यावर जोर लावू नका.

बोल्ट रायफल असेल तर बोल्ट काढा, चेंबर (काडतूस बसण्याची जागा) रिकामा असल्याची नजरेने आणि बोटाने खात्री करा, रायफल पिशव्यांत घट्ट बसवा आणि मागून नळीतून बघा. टार्गेट नळीच्या गोलाच्या मध्यावर आणा. आता रायफल न हलवता टरेट फिरवून क्रॉसहेअर त्याच टार्गेटवर आणा. नळीतून बघणे, स्कोपमधून बघणे, असे दोन-तीन वेळा आलटून पालटून करा. ज्या रायफलीत मागून बघता येत नाही तिथे लेझरचा बोअरसाइटर (नळीची दिशा दाखवणारे साधन) लागतो. तो नळीत किंवा चेंबरमध्ये असताना काडतूस भरले जाणे हा जीवघेणा अपघात आहे. म्हणून काढलेला लेझर, आणि असेल तर त्याची दांडी, टेबलावर डोळ्यांसमोर ठेवा, आणि ती दिसल्याशिवाय काडतुसाला हात लावू नका. नळी आरपार मोकळी आहे हेही याच वेळी बघा. कानांचे आणि डोळ्यांचे संरक्षण पहिल्या गोळीपासून असावे. आणि रेंज थंड, म्हणजे गोळीबार बंद, जाहीर झाली की बोल्ट उघडा, रायफलीपासून हात दूर.

आता २५ मीटरवर एक गोळी. इथे एका गोळीवरून क्लिक द्यायला हरकत नाही, कारण चूक दहा-वीस सेंटीमीटरची असते आणि पसारा काही मिलिमीटरचा. मात्र क्लिकचा हिशेब अंतराप्रमाणे करा. ०.१ मिलचा एक क्लिक १०० मीटरवर १ सेंटीमीटर सरकवतो. २५ मीटरवर फक्त अडीच मिलिमीटर. कोनाच्या १/४ मिनिटाचा, म्हणजे १/४ एमओएचा क्लिक १०० मीटरवर ७.३ मिलिमीटर आणि २५ मीटरवर १.८ मिलिमीटर. म्हणजे २५ मीटरवर तेवढ्याच सेंटीमीटरसाठी चौपट क्लिक लागतात. 'क्लिक दिले पण काही फरकच पडला नाही' या तक्रारींपैकी पुष्कळ इथेच मिटतात.

२५ मीटरवर गोळी नेमक्या मध्यावर आणायची नाही. स्कोप नळीच्या वर असतो, साधारण ४ ते ५ सेंटीमीटर. दृष्टिरेषा सरळ जाते आणि नळी किंचित वर रोखलेली असते, त्यामुळे गोळी खालून वर येत दृष्टिरेषेला मिळते. स्कोपची उंची साडेचार सेंटीमीटर आणि गोळीचा सुरुवातीचा वेग सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास, अशी ३०८ विंचेस्टरसारखी रायफल १०० मीटरला झिरो करायची असेल, तर २५ मीटरवर गोळी जवळपास २ सेंटीमीटर खाली लागली पाहिजे. डावी-उजवीकडे मात्र अगदी मध्यावर. इथे मध्यावर मारून १०० मीटरवर गेलात तर गोळ्या ७-८ सेंटीमीटर वर लागतील.

१०० मीटरवर

पुढची पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली, नळीखाली कधीच नाही. नळीला काहीही टेकले की तिचे कंपन बदलते. मागची पिशवी बटच्या टोकाखाली, आणि मोकळ्या हाताने ती पिळून उंची बारीक जुळवायची. स्नायूंनी रायफल टार्गेटवर धरून ठेवू नका. नेम घ्या, डोळे मिटा, एक श्वास सोडा, उघडा. क्रॉसहेअर सरकलेला दिसला तर हाताने ओढून आणण्याऐवजी बैठक किंवा पिशवी हलवा. खांद्याचा दाब दर गोळीला सारखा. गोळी सुटल्यावरही चाप क्षणभर मागेच धरून ठेवा.

स्प्रिंगच्या एअर रायफलचे वागणे उलटे आहे. तिचा जड पिस्टन छरा नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल पुढे-मागे हलवतो, त्यामुळे ती पिशवीवर घट्ट दाबली की ग्रुप फुटतो. ती उघड्या तळहातावर सैल ठेवावी लागते, आणि तिच्यावर स्कोपही अशा दुहेरी झटक्यासाठी बनवलेलाच हवा.

नळी तेल लावून ठेवलेली असेल तर कोरडी चिंधी फिरवा आणि पहिल्या दोन-तीन गोळ्या हिशेबात धरू नका. मग एकाच बिंदूवर नेम धरून पाच गोळ्या मारा. मध्ये टरेट नाही, आणि नेमही सरकवायचा नाही. बारीक नळीची रायफल तीन गोळ्यांनंतर थांबवून थंड करावी; चेंबरपुढे नळीवर हात पाच सेकंद ठेवता येत नसेल तर थांबा.

आता ग्रुपचा मध्य काढा. प्रत्येक भोक नेमाच्या बिंदूपासून किती आडवे आणि किती उभे, हे मोजून सरासरी घ्या. समजा उजवीकडे ४, ६, ५, ५.५ आणि ४.५ सेंटीमीटर, खाली ७, ८, ८.५, ६.५ आणि ७.५. सरासरी ५ उजवीकडे, साडेसात खाली. १/४ मिनिटाच्या स्कोपवर ७५ मिलिमीटर भागिले ७.३, म्हणजे १० क्लिक वर. ५० भागिले ७.३, म्हणजे ७ क्लिक डावीकडे. ०.१ मिलच्या स्कोपवर ५ क्लिक डावीकडे आणि वर ७ किंवा ८. दोन्ही उत्तरे बरोबर, फरक अर्ध्या सेंटीमीटरचा. टरेटवरचा बाण गोळीची दिशा दाखवतो: गोळी वर हवी तर 'अप'. मात्र रायफल स्थिर ठेवून टरेट फिरवलात तर स्कोपमध्ये क्रॉसहेअर उलटा, खाली जाताना दिसेल. तसेच व्हायला हवे. रेंज यार्डात आहे की मीटरमध्ये हेही विचारून घ्या. १०० मीटर म्हणजे १०९ यार्ड, हिशेबात ९ टक्क्यांचा फरक.

पुन्हा पाच गोळ्या. ग्रुपचा मध्य आता नेमाच्या बिंदूपासून अर्ध्या सेंटीमीटरच्या आत असेल तर थांबा. पाच गोळ्यांची सरासरी इथे, म्हणजे सुरुवातीला धरलेल्या १ सेंटीमीटरच्या पसाऱ्यात, ०.४५ सेंटीमीटरच्या अनिश्चिततेची असते, तीन गोळ्यांची ०.५८ची, दहांची ०.३२ची. म्हणजे एका क्लिकसाठी झगडण्याइतकी माहिती पाच गोळ्यांत नसतेच. तेवढी बारकाई हवी असेल तर वेगवेगळ्या दिवशी मारलेल्या ग्रुपांची मिळून सरासरी काढा, थंड नळीतून गेलेली पहिली गोळी त्यात वेगळी नोंदवून.

वारा असेल तर तो टरेटमध्ये भरू नका. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ३०८ च्या गोळीला १०० मीटरवर सुमारे २ सेंटीमीटर ढकलतो, आणि .२२ च्या संथ गोळीला ५० मीटरवरच दोन-अडीच. त्या दिवशी डावे-उजवे 'बरोबर' केलेत तर शांत हवेत रायफल कायमची एका बाजूला मारेल. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना झिरो करावा, नाहीतर वाऱ्याचा अंदाज वजा करून.

शिकारी रायफल २०० मीटरला झिरो करायची असेल तर वरच्याच उदाहरणात १०० मीटरवर ग्रुप ६-७ सेंटीमीटर वर ठेवावा लागतो. पण तो अंदाजच. नंतर २०० वर खरोखर मारून बघणे चुकत नाही.

ग्रुप काय सांगतो

ग्रुप उभा लांबत असेल तर पुढची पिशवी, श्वास, किंवा काडतुसांचा असमान वेग बघा. नळी तापेल तशी गोळी एकाच दिशेने चढत जात असेल तर नळी दस्त्याला कुठेतरी टेकते आहे. कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून चेंबरपर्यंत सरकवून बघा. आडवा लांबत असेल तर वारा, चाप बाजूने ओढणे किंवा खांद्याचा बदलता दाब. दोन स्वच्छ, वेगळे ग्रुप पडत असतील, म्हणजे काही गोळ्या इथे आणि काही पाच सेंटीमीटर पलीकडे, तर माणसाचा दोष क्वचितच असतो; बेस, रिंग, ॲक्शन स्क्रू, आणि ते सगळे घट्ट असतील तर मग स्कोपच्या आतली यंत्रणा.

क्लिक दिल्यावर पहिली गोळी जुन्याच जागी आणि पुढच्या दोन गोळ्यांत अचानक उडी, हे स्कोपच्या आतल्या नळीला दाबणारी स्प्रिंग सुस्त झाल्याचे किंवा रिंग जास्त कसल्याचे लक्षण. रिंगचे स्क्रू सोडून ठरलेल्या टॉर्कला कसा आणि पुन्हा बघा. तरी तसेच असेल तर आता स्कोपवर संशय घ्यायची वेळ आली.

त्याची परीक्षा सोपी आहे. ग्रुप मारा. नेम त्याच बिंदूवर ठेवून २ मिल वर, मग २ उजवीकडे, मग २ खाली, मग २ डावीकडे, दर थांब्यावर तीन गोळ्या. चौकोन पडला पाहिजे आणि शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या ग्रुपातच आल्या पाहिजेत. क्लिकचा आकार खरा आहे का हे बघायला उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ मारा, १०० मीटर टेपने मोजा आणि ५ मिल वर घ्या. ग्रुप ५० सेंटीमीटर चढला पाहिजे. साडेअठ्ठेचाळीसच चढला, तर हा स्कोप सांगतो त्यापेक्षा ३ टक्के कमी सरकतो. लांब पल्ल्याच्या प्रत्येक आकड्याला १.०३ ने गुणा. स्कोप वाईट नाही, फक्त त्याचे माप कळले. आणि ग्रुप रेघ सोडून बाजूला सरकत गेला असेल तर रेटिकल तिरके आहे.

विंडेजचा, म्हणजे डाव्या-उजव्या टरेटचा, बराचसा प्रवास झिरोलाच खर्ची पडत असेल तर टरेट टोकापर्यंत रेटू नका. बेस किंवा त्याची भोके रायफलच्या नळीला समांतर नाहीत. रिंगा उलटसुलट करून बघा, नाहीतर बेस बदला.

झिरो पक्का झाला की टरेटच्या टोपीचे स्क्रू सैल करून टोपी शून्यावर आणा, आतला खांब न फिरवता. झिरो स्टॉप (टरेट शून्याच्या खाली जाऊ न देणारा अडसर) असेल तर तोही लावा. मग आणखी तीन गोळ्या, कारण टोपी फिरवताना एखादा क्लिक सरकणे सहज होते. वहीत काडतुसाचा प्रकार आणि लॉट, गोळीचे वजन, अंतर, तापमान, आणि पिशवी की बायपॉड हे लिहून ठेवा. यातले काडतूस किंवा टेकवण्याची पद्धत बदलली तर झिरो पुन्हा तपासावा लागतो. सायलेन्सर किंवा मझल ब्रेक लावला-काढला तरीही. रायफल पडली, किंवा लांबच्या प्रवासातून आली, तर आधी रंगाच्या रेघा बघा, मग तीन गोळ्या मारा, आणि त्या जुन्या पसाऱ्यात बसत असतील तर टरेट तसाच राहू द्या.